सोर्स कोड नाही, कागदपत्रं नाहीत: अशा सॉफ्टवेअरला कोणते इनपुट द्यायचे?

एका पतसंस्थेचं मुदत ठेवींचं जुनं सॉफ्टवेअर बदलायचं होतं. ते लिहिणारा माणूस केव्हाच धंदा गुंडाळून गेला होता. सोर्स कोड कुणाकडेच नव्हता, माहितीपुस्तिका म्हणून चार पानांची झेरॉक्स होती. नवं सॉफ्टवेअर जुन्यासारखंच व्याज काढतं का, एवढं मला सांगायचं होतं. मी १०,००० रुपये, १५,००० रुपये, २०,००० रुपये अशा दोनशे रकमा घेतल्या. मुदत प्रत्येकीची एक वर्ष, तारीख १ जानेवारी २०२३. दोन्हीकडची उत्तरं तंतोतंत जुळली आणि मी 'सर्व ठीक' असा मेल टाकून मोकळा झालो.

पुढच्याच महिन्यात ४६ दिवसांच्या एका १० लाखांच्या ठेवीची मुदत भरली. पावतीवर छापलेल्या आकड्यापेक्षा नव्या सॉफ्टवेअरचा आकडा १४३ रुपयांनी कमी निघाला आणि काउंटरवर आवाज चढले. दोनशे इनपुट दिले होते हे खरं, पण प्रश्न मी एकच विचारला होता, दोनशे वेळा.

त्यानंतर माझी कामाची पद्धत बदलली. ज्याच्या आत डोकावता येत नाही ते सॉफ्टवेअर म्हणजे बंद पेटी. पेटी बंद असली की इनपुट म्हणजे तिला विचारलेला प्रश्न, आणि ज्या प्रश्नाचं उत्तर आतली दोन वेगवेगळी गणितं सारखंच देतील तो प्रश्न वाया गेला, असं मी धरून चालतो. खालच्या पायऱ्या याच धाग्यावर आहेत. उदाहरण मुदत ठेवीचंच ठेवतो. तुमच्याकडे वीजबिल, पगारपत्रक किंवा कुणा व्हेंडरचा एपीआय (एका प्रोग्रामने दुसऱ्याला प्रश्न विचारायची खिडकी) असेल तर नावं बदलून घ्या.

आधी मैदान तयार करा

चालू प्रणालीवर हे प्रयोग करू नका. जुन्या सॉफ्टवेअरची डेटाबेससकट प्रत वेगळ्या व्हर्च्युअल मशीनवर (संगणकातल्या आभासी संगणकावर) बसवा आणि तिचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जशीच्या तशी नोंद, घेऊन ठेवा. प्रत्येक फेरीच्या आधी त्या स्नॅपशॉटवर परत जाता आलं पाहिजे, कारण काल उघडलेल्या ठेवीचा आजच्या उत्तरावर परिणाम झाला की कारण शोधता शोधता आठवडा जातो. पेटी दुसऱ्याची असेल तर लेखी परवानगी घ्या. सभासदांची खरी नावं, खरे आधार क्रमांक चाचणीत वापरू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा मुद्दा आहेच, पण साधी गोष्ट अशी की चाचणीची फाइल दहा जणांच्या मेलमधून फिरते.

मशीनचं घड्याळ पुढे-मागे करता येतं का तेही बघून ठेवा. तारखांच्या निम्म्या चाचण्या त्यावरच अवलंबून असतात.

पायरी १: इनपुटच्या आधी अंदाज लिहा

स्क्रीनवरचे रकाने उतरवून काढणं हे सोपं काम. रक्कम, दर, ठेवीची तारीख, मुदत, योजना, सभासदाचा प्रकार, जन्मतारीख, वारसाचं नाव. बहुतेक टेस्टर इथेच थांबतात आणि प्रत्येक रकान्याला 'बरोबर' आणि 'चूक' अशा किमती लावत सुटतात.

त्याऐवजी दुसरा कागद घ्या आणि आत काय काय असू शकेल ते लिहा. व्याजापुरते माझे अंदाज असे होते. सरळव्याज असेल, किंवा तिमाही चक्रवाढ. दिवस मोजून ३६५ ने भागत असतील; किंवा प्रत्येक महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचं धरत असतील; किंवा पूर्ण महिन्यांचं व्याज बाराव्या हिश्श्याने आणि उरलेल्या दिवसांचं ३६५ ने. अधिवर्षात ३६६ ने भागत असतील, नसतीलही. शेवटी रुपयात पूर्णांक करताना अर्धा रुपया वर जात असेल, किंवा पैसे सरळ कापले जात असतील.

हे अंदाज येतात कुठून? जुन्या छापील पावत्यांवरून, त्या धंद्यातल्या रूढ पद्धतींवरून, आणि सगळ्यात जास्त, तिथे वीस वर्षं बसलेल्या क्लार्ककडून. एक कप चहा पाजून "मॅडम, हे कधी चुकतं?" असं विचारा. मला त्या एका प्रश्नातून सात अंदाज मिळाले.

पायरी २: अंदाजांना आपसात भिडवा

आता प्रत्येक अंदाजासाठी उत्तर हाताने किंवा एक्सेलमध्ये काढा आणि ती उत्तरं वेगळी पडतील असा इनपुट शोधा.

दर द.सा.द.शे. ९ धरू. १०,००० रुपये एका वर्षासाठी ठेवले तर सरळव्याज ९०० रुपये आणि तिमाही चक्रवाढीने ९३० रुपये ८३ पैसे. म्हणजे या एका प्रश्नापुरता हा इनपुट चांगला आहे. उत्तर ९०० आलं की चक्रवाढीचा अंदाज मेला. पण दिवसमोजणीचे तिन्ही अंदाज इथे ९०० च सांगतात, म्हणून माझ्या दोनशे रकमांनी काहीच उघड केलं नाही.

मग १ जानेवारी २०२३ ते १६ फेब्रुवारी २०२३ घ्या. प्रत्यक्ष दिवस ४६. पहिल्या अंदाजाने व्याज ११३.४२. दुसऱ्याने ४५ दिवस धरले जातात आणि ११२.५० येतात. तिसऱ्याने एका महिन्याचे ७५ आणि १५ दिवसांचे ३६.९९, एकूण १११.९९. तीन अंदाज, तीन उत्तरं. छान वाटतं, पण पेटी पैसे दाखवत नाही, रुपयात पूर्णांक करते. ती ११३ म्हणाली तर पहिला अंदाज खरा की दुसरा? ११२.५० चे ११३ होऊ शकतात. ती ११२ म्हणाली तरी दुसरा आणि तिसरा दोन्ही जिवंत.

उपाय सोपा आहे: रक्कम १० लाख करा. आता उत्तरं ११,३४२, ११,२५० आणि ११,१९९ अशी येतात, पूर्णांकाचा गोंधळ त्यात मिसळत नाही. (काउंटरवरचे १४३ रुपये इथलेच: जुनं पहिल्या पद्धतीने चालत होतं, नवं तिसऱ्या.) त्याच तारखा २०२४ च्या घेतल्या तर ३६६ चा अंदाजही तपासला जातो. भागाकार ३६५ ने असेल तर ११,३४२, ३६६ ने असेल तर ११,३११.

पूर्णांकाची पद्धत तपासताना उलट करा. तिथे दिवसमोजणीची लुडबुड नको, म्हणून आधी निकामी ठरलेलं एक वर्षच कामाला येतं, आणि रकमा छोट्या व विचित्र घ्यायच्या. ५,००१ रुपयांवर व्याज ४५०.०९. ५,०५० वर ४५४.५०. ५,१५० वर ४६३.५०. अर्धा रुपया नेहमी वर जात असेल तर उत्तरं ४५०, ४५५, ४६४ अशी येतील. अर्ध्याला जवळच्या सम आकड्याकडे नेणारी पद्धत असेल तर ४५०, ४५४, ४६४. पैसे कापले जात असतील तर ४५०, ४५४, ४६३. नेहमी वरच्या रुपयाला नेत असतील तर ४५१, ४५५, ४६४. चार पद्धतींसाठी तीन इनपुट पुरले.

याला एक शेपूट आहे. जुना प्रोग्राम दर द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) अपूर्णांकात साठवत असेल तर त्याच्या पोटात ४५४.५० चे ४५४.४९९९ होऊ शकतात. म्हणून ५० ने संपणाऱ्या वीस-पंचवीस रकमा द्या. ९ टक्क्यांनी त्या सगळ्यांचं वर्षाचं व्याज बरोबर अर्ध्या रुपयावर येतं. काही वर आणि काही खाली गेल्या आणि त्यात सम-विषम असा कुठलाही नियम दिसला नाही, तर दोष पूर्णांकाच्या नियमात नाही, साठवणुकीत आहे.

पायरी ३: काठ शोधा

आतल्या गणिताची वाट जिथे बदलते तिथे काठ असतो, आणि चुका काठावर राहतात हे प्रत्येक टेस्टरला पाठ असतं. पण काठ कुठे आहे हेच बंद पेटीत ठाऊक नसतं. मोठ्या ठेवीला जास्त दर आहे एवढं कळलंय, किती रकमेपासून ते कुणाला आठवत नाही. मग एका वर्षाच्या मुदतीने चाचणी घ्या, म्हणजे व्याजाला रकमेने भागलं की दर लगेच दिसतो. १ लाखाला एक दर आणि १० लाखाला दुसरा दिसला की मधली रक्कम द्या, मग योग्य त्या अर्ध्याची मधली. ९ लाखांचा पल्ला रुपयापर्यंत आणायला २० प्रयत्न पुरतात. सापडलेल्या आकड्याच्या एक रुपया खाली, बरोबर तोच आणि एक रुपया वर, असे तीन इनपुट कायमचे यादीत टाका.

यात एक फसगत आहे. दोन्ही टोकांना सारखाच दर दिसला म्हणून मध्ये काठ नाही असं होत नाही. मध्ये एक टप्पा जास्त दराचा असून पुढे दर पुन्हा उतरला असेल तर निम्मे-निम्मे करत जाणारा शोध त्याच्या शेजारून निघून जाईल. म्हणून आधी पल्ल्यात वीसेक ठिकाणी खडे टाकून बघा, फरक दिसेल तिथे निम्मे करा.

काही काठ धंद्याचे नसतात, यंत्राचे असतात. ३२,७६७ आणि ३२,७६८, म्हणजे १६ बिटांच्या चिन्हांकित (अधिक-उणे दोन्ही आकडे साठवणाऱ्या) पूर्णांकाची सीमा. किंवा रक्कम पैशांत आणि ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात साठवली असेल तर मर्यादा २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैसे. त्याला एक पैसा जास्त देऊन बघा, आकडा उणे होतो का. एवढी ठेव आपल्याकडे येतच नाही, असं संस्थेचे लोक म्हणतील. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात फुटलं ते अशाच एका आकड्यामुळे: ६४ बिटांची किंमत १६ बिटांत मावली नाही. तो भाग एरियान ४ वर निमूट चालत होता. नव्या रॉकेटच्या मार्गावर येणाऱ्या किमती त्याला उड्डाणाआधी कुणी देऊन पाहिल्या नव्हत्या.

तारखांबद्दल मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण आपल्याकडच्या आर्थिक सॉफ्टवेअरमध्ये मला सर्वांत जास्त बग तिथेच सापडले. ३१ जानेवारीला एक महिन्याची ठेव ठेवली तर मुदत २८ फेब्रुवारीला भरते की ३ मार्चला? २९ फेब्रुवारी २०२४ ला बारा महिन्यांची ठेव केली तर २८ फेब्रुवारी २०२५ की १ मार्च? ३१ मार्च आणि १ एप्रिल, म्हणजे आर्थिक वर्षाची शिवण. मुदत भरण्याचा दिवस रविवारी आला तर? वर्ष दोनच आकड्यांत टाकलं तर कोणत्या आकड्यापर्यंत ते २००० नंतरचं धरलं जातं? तोही काठच, आणि तो शोधायला फार तर शंभर किमती द्याव्या लागतात, तेव्हा सगळ्याच देऊन टाका. तारखा एक्सेलमधून आयात होत असतील तर १९०० सालच्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या तारखाही घ्या. एक्सेल ते वर्ष अधिवर्ष समजतं, खरं तर ते नव्हतं.

हुशार दिसणारा इनपुटही फुकट जाऊ शकतो. ज्येष्ठ नागरिकाला साठाव्या वर्षापासून अर्धा टक्का जास्त मिळतो, म्हणून मी मोठ्या उत्साहाने २९ फेब्रुवारी १९६४ ला जन्मलेला सभासद बनवला. पण ६० ला ४ ने भाग जातो. २९ फेब्रुवारीला जन्मलेल्याचा साठावा वाढदिवस अधिवर्षातच येतो (२०४० साली जन्मलेल्यांचा अपवाद, कारण २१०० हे अधिवर्ष नाही). तारीख अस्तित्वात आहे, तेव्हा सगळे अंदाज एकच उत्तर देतात. हीच जन्मतारीख अज्ञान-सज्ञान ठरवताना मात्र कामाची आहे, कारण १८ ला ४ ने भाग जात नाही. २९ फेब्रुवारी २००८ ला जन्मलेली मुलगी २८ फेब्रुवारी २०२६ ला सज्ञान की १ मार्चला, हा प्रश्न पेटीला विचारण्यासारखा आहे.

पायरी ४: नावांचे रकाने

इथे इंग्रजीतल्या तयार याद्या आपल्याला अर्ध्यावर सोडतात. मराठीसाठी आपली यादी आपणच करायची.

'ज्ञानेश्वर' वाचणाऱ्याला चार अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये (प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) ती दहा चिन्हं आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये (ती चिन्हं साठवण्याच्या रीतीत) तीस बाइट. रकाना '५० अक्षरांचा' आहे असं कुणी म्हणालं तर ती नेमकी कोणती अक्षरं हे इनपुटनेच ठरवायचं: ५० इंग्रजी अक्षरं, मग ५० देवनागरी चिन्हं, मग १७ देवनागरी चिन्हं. शेवटच्या इनपुटचे ५१ बाइट होतात. तो कापला गेला किंवा त्याच्या टोकाला चौकोन दिसला तर मोजणी बाइटमध्ये आहे.

वऱ्हाडे हे आडनाव दोन तऱ्हांनी टंकता येतं. एकात 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह, हलन्त आणि 'ह'. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त, मग न दिसणारं जोडचिन्ह आणि 'ह'. पडद्यावर दोन्ही सारखेच, शोधताना मात्र एकाने टंकलेले वऱ्हाडे दुसऱ्याला सापडत नाहीत. युनिकोडचं प्रमाणीकरण केलं तरी हे दोन एक होत नाहीत. 'ॲड.' मधला 'ॲ' तसाच: एक तर ते एकच चिन्ह असतं, किंवा 'अ' वर चंद्र. अशा जोड्या बनवा. एकाने नोंद करा, दुसऱ्याने शोधा. वसई आणि गोव्याकडच्या डिसोझा, डिमेलो मंडळींच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये अपॉस्ट्रॉफी असतो. डेटाबेसची क्वेरी (माहिती मागणारी आज्ञा) साधी जोडाजोड करून बनवली असेल तर ती त्या एका चिन्हावर फुटते. रकमेच्या रकान्यात '५०००' देवनागरी आकड्यांत टाका. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा ते विनातक्रार पाच हजार म्हणून वाचते, पण त्याच प्रणालीतला दुसरा भाग नाकारू शकतो. आणि जुनं सॉफ्टवेअर युनिकोडच्या आधीच्या फाँटवर चालत असेल तर स्थलांतरात 'श्र', 'क्ष', 'र्‍या' आणि रफार आधी तपासा.

हे सगळं दिसण्यापुरतं आहे असं वाटत असेल तर फेब्रुवारी २०१८ आठवा. एका तेलुगू जोडाक्षराने आयफोनवरची मेसेजची ॲप कोलमडत होती आणि ॲपलला आयओएस ११.२.६ ही दुरुस्ती काढावी लागली.

पायरी ५: जोड्या

योजना ४, सभासदाचे प्रकार ३, मुदतीचे गट ६, व्याज देण्याच्या पद्धती ३, एकल किंवा संयुक्त खातं म्हणजे २. सगळे मेळ ४३२. प्रत्येक मेळ चालवायला वेळ नसेल तर निदान कोणत्याही दोन रकान्यांच्या किमतींची प्रत्येक जोडी एकदा तरी येईल असे मेळ निवडा. मुदत आणि योजना यांच्याच जोड्या २४ होतात, त्याखाली जाता येत नाही. पण काम साधारण तेवढ्यातच उरकतं. मायक्रोसॉफ्टचं पिक्ट हे मोफत साधन ती यादी काढून देतं. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेत रिचर्ड कून आणि सहकाऱ्यांनी खरोखरीचे बिघाड तपासले तेव्हा बहुतेक एक किंवा दोन रकान्यांच्या मेळाने घडलेले दिसले, आणि सहापेक्षा जास्त रकाने लागलेला एकही नव्हता. पैशांचं काम असेल तर मी जोड्यांवर न थांबता तिकड्यांपर्यंत जातो.

अशक्य मेळ साधनाला आधीच सांगून ठेवा. अज्ञान आणि ज्येष्ठ नागरिक एकाच खात्यात आले तर पेटी ते नाकारते, आणि त्या ओळीतल्या बाकीच्या जोड्या न तपासताच राहतात.

पायरी ६: जे सुचलंच नाही त्यासाठी यदृच्छा

आतापर्यंत सगळं आपल्या अंदाजांवर चाललं. सुचलेल्या अंदाजांपलीकडे जे आहे त्यासाठी नेम न धरता गोळ्या झाडाव्या लागतात, म्हणजे यदृच्छ (रँडम) किमती द्याव्या लागतात. १९८८ साली विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक बार्टन मिलर वादळी पावसात घरून फोनच्या तारेवर युनिक्स ही संगणक प्रणाली वापरत होते. तारेवरच्या खरखरीने मध्येच भलती अक्षरं घुसत होती आणि प्रोग्राम कोसळत होते. त्यांनी विद्यार्थ्यांना तेच मुद्दाम करायला लावलं. १९९० साली निष्कर्ष छापले गेले: तपासलेल्या कोणत्याही युनिक्स आवृत्तीवरचे पाव ते एक तृतीयांश उपयुक्तता प्रोग्राम निव्वळ कचरा देऊन पाडता आले.

आपल्या पेटीला मात्र निव्वळ कचरा देऊन चालणार नाही. पहिल्याच तपासणीत तो बाहेर फेकला जाईल आणि व्याजाच्या गणितापर्यंत काहीच पोचणार नाही. म्हणून रचना योग्य ठेवा आणि किमती यदृच्छेने भरा: तारीख खरी, आधार क्रमांकाचा शेवटचा तपास-अंक व्हरहॉफ या गणितज्ञाच्या रीतीने बरोबर, आयएफएससी कोडचं पाचवं चिन्ह शून्य. दहातल्या एका इनपुटमध्ये मुद्दाम एकच गोष्ट बिघडवा. एका वेळी एकच, नाहीतर पेटीने नेमकं कशाला नाक मुरडलं ते कळत नाही.

रकमा निवडताना एक चूक सगळेच करतात. १ ते १ कोटीमधून सरसकट आकडा उचलला तर दहापैकी नऊ वेळा रक्कम १० लाखांच्या वर येते, आणि पाचशे-हजारांच्या ठेवी जवळजवळ तपासल्याच जात नाहीत. आधी किती अंकी हे यदृच्छेने ठरवा, मग त्या लांबीचा आकडा. आणि तुमच्या काठांच्या यादीतल्या किमतीही या पिशवीत टाका, दर पाचातली एक तिथून उचलली जाऊ द्या.

बीज लिहून ठेवा. यदृच्छ संख्या देणाऱ्या यंत्रणेला सुरुवातीला जो आकडा दिला तो माहीत असेल तर सगळी फेरी जशीच्या तशी पुन्हा चालवता येते. तो नसेल तर सापडलेला बग हरवलेल्या छत्रीसारखा: होता एवढंच आठवतं.

पायरी ७: उत्तर बरोबर आहे हे कशावरून?

हजारो यदृच्छ इनपुटची उत्तरं हाताने कोण काढणार? जुनं सॉफ्टवेअर शेजारी चालू असेल तर दोघांना तोच इनपुट द्या आणि फरक बघा. जुनंही चुकत असेल तर दोन्ही चुका जुळतील, एवढं भान ठेवा.

तुलनेला दुसरं काहीच नसेल तेव्हा उत्तरांचे आपसातले नातेसंबंध तपासा. ही कल्पना टी. वाय. चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली मांडली. एकेक उत्तर बरोबर की चूक हे ठाऊक नसतानाही काही गोष्टी ठाम सांगता येतात. एकाच दराच्या टप्प्यात रक्कम दुप्पट केली तर व्याजही दुप्पट व्हायला हवं, पूर्णांकामुळे फार तर रुपयाचा फरक. दर तोच राहून एका ठेवीच्या दोन ठेवी केल्या तर दोघींचं व्याज मिळून तेवढंच, पुन्हा रुपयाच्या फरकाने. दर न बदलता मुदत एक दिवसाने वाढवली तर व्याज कमी होता कामा नये. वारसाचं नाव बदललं तर व्याजाला धक्का लागता कामा नये. हा शेवटचा नियम मी चेष्टेत लिहिला होता. एका प्रणालीत तोच मोडला: लांबलचक नावाने शेजारच्या रकान्यावर अतिक्रमण केलं होतं.

असे नियम लिहून त्यावर यदृच्छ इनपुटचा मारा करणारी साधनं आहेत. कून क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी २००० साली हॅस्केल या प्रोग्रामिंगच्या भाषेसाठी क्विकचेक हे साधन मांडलं. पायथनवाल्यांनी हायपोथिसिस हे साधन वापरावं, शिकायला एक दुपार पुरते.

पायरी ८: बिघाड सापडला की तो सोला

चौदा रकान्यांच्या ज्या नोंदीने पेटी कोसळली ती तशीच डेव्हलपरला पाठवू नका. निम्मे रकाने साध्या किमतींवर आणा. अजून कोसळते का? कोसळत असेल तर उरलेल्यांचे पुन्हा निम्मे करा, नसेल तर दुसरं अर्धं घ्या. दोन्ही अर्ध्यांनी वेगवेगळं काहीच होत नसेल तर कारण दोन्हींत विभागलेलं आहे, तेव्हा लहान तुकडे करून एकेक काढत जा. आंद्रेआस त्सेलर यांनी ही रीत पद्धतशीर मांडली आणि हायपोथिसिस असं सोलण्याचं काम आपोआप करतं. शेवटी 'संयुक्त खातं, ३१ तारीख' एवढंच उरलं की बग निम्मा सुटलेला असतो.

पायरी ९: क्रम

एकेक इनपुट बरोबर आणि लागोपाठ दिले की चूक, असंही होतं. ठेव उघडणं, तारण कर्ज देणं, कर्ज फेडणं, मुदतपूर्व मोडणं, नूतनीकरण: पाच कृती घेतल्या तर तीन पावलांचे १२५ क्रम होतात. ते सगळे चालवता येतात, चालवाच. पाच पावलांचे ३,१२५ होतात. तिथे यदृच्छेने निवडा. कर्ज थकलेलं असताना ठेवीचं नूतनीकरण यांसारखे, माणूस काउंटरवर करणार नाही असे क्रम गाळू नका. मार्चअखेरच्या गर्दीत माणूस ते करतो.

थांबायचं केव्हा

कोड दिसत असता तर किती ओळी तपासल्या ते मोजलं असतं. इथे पेटी बाहेर काय टाकते ते मोजा. प्रत्येक वेगळा त्रुटीसंदेश, प्रत्येक वेगळा दर, पावतीचा प्रत्येक वेगळा नमुना, नेहमी पाव सेकंदात येणारं उत्तर पाच सेकंद लागून आलं तर तेही: हे सगळे वेगवेगळे वर्ग धरा आणि कोणता किती वेळा दिसला ते लिहीत जा.

मग एक जुना हिशेब कामी येतो. ॲलन ट्युरिंग आणि आय. जे. गुड या गणितज्ञांचा हा अंदाज गुड यांनी १९५३ साली छापला: पुढचा यदृच्छ इनपुट आजवर न दिसलेलं काही दाखवेल याची शक्यता साधारणपणे, आतापर्यंत एकदाच दिसलेले वर्ग भागिले एकूण इनपुट. २,००० इनपुट झाले आणि ६ वर्ग फक्त एकदाच दिसलेत, तर ती शक्यता हजारात ३. हे फक्त एकाच पद्धतीने निवडलेल्या यदृच्छ इनपुटला लागू. हाताने निवडलेले काठ त्यात मिसळू नका. आणि एकेकदाच दिसलेल्या त्या सहा वर्गांकडे आधी जा. त्या इनपुटच्या आसपास थोडे बदल करून पन्नास-शंभर इनपुट द्या.

फाइल सुपूर्त करताना माझ्या तक्त्यात पाच रकाने असतात: इनपुट, तो कोणत्या अंदाजांना वेगळं करण्यासाठी होता, प्रत्येक अंदाजाने येणारं उत्तर, पेटीचं उत्तर, आणि मेलेले अंदाज. जे दोन अंदाज शेवटपर्यंत वेगळे करता आले नाहीत ते वेगळ्या पानावर जातात. जिथे जुनं सॉफ्टवेअरच चुकतं असं दिसलं त्या ओळी मी लाल करतो आणि निर्णय स्वतः घेत नाही. त्या पतसंस्थेत अशा अकरा लाल ओळी निघाल्या. संचालक मंडळाच्या बैठकीत नऊ दुरुस्त करायचं ठरलं; दोन होत्या तशाच ठेवल्या गेल्या, कारण त्या पद्धतीने छापलेल्या दामदुप्पटीच्या पावत्या अजून लोकांच्या कपाटात होत्या.